मीडियम साइजची बाई

३ मार्च, सोमवार

नवी वही, नवं पेन. निश्चय: रोज लिहायचं, खरं लिहायचं, कुणाला वाचू द्यायचं नाही. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या शिवणाच्या मदर म्हणायच्या, कापड उलटं करून बघा, जिची आतली शिवण नीट तीच खरी शिकलेली. तर ही माझी आतली शिवण.

आज कारखान्यात भर दुपारी सगळी मशीनं बंद. आजवर ती फक्त वीज गेल्यावर बंद झाली आणि एकदा थोरले साहेब गेले तेव्हा. धाकट्या साहेबांनी सगळ्यांना कटिंगच्या हॉलमध्ये बोलावलं, म्हणजे माझ्या हॉलमध्ये. माझ्या टेबलावर प्रोजेक्टर ठेवला. विचारलंसुद्धा नाही. भिंतीवर एका जाड माणसाचं चित्र, अंगावर जागोजागी किमतीच्या चिठ्ठ्या. पोटावर एक, ओठातल्या सिगरेटवर एक, खुर्चीवर बसलेल्या भागावर एक. ब्लडप्रेशरची सगळ्यात मोठी.

साहेब म्हणाले, आपण युनिफॉर्म शिवून जे कमावतो त्यातला मोठा घास आपल्या सवयी गिळतात. दवाखान्याची बिलं, रजा, आणि जे कामावर येतात पण नुसते बसून असतात त्यांचे तास. म्हणून विमा कंपनीने हप्ता जवळजवळ दुप्पट केलाय. 'नुसते बसून' म्हणताना मी प्रेसवाल्याकडे पाहिलं. तो सारखा सिगरेट ओढायला बाहेर असतो. (मी जेवणानंतर ताग्यांवर जरा टेकते, ते वेगळं. कटिंगला डोळे ताजे लागतात.)

चित्रातल्या माणसाचा कोट फार वाईट कापला होता. खांद्याला ओढ.

मग नियम. नर्स येऊन प्रत्येकाची कंबर आणि प्रेशर मोजणार. मापात बसलं तर हिरवा गट, नाही तर लाल. लाल गटाने वाढीव हप्ता आपल्या खिशातून भरायचा. आणि यंदा रिटायर होणारा माणूस हिरवा असेल तर तो आणि त्याचा जोडीदार पुढेही याच विम्यात राहतील. लाल असेल तर आपापली सोय बघा.

यंदा रिटायर होणारी मी एकटी. मेअखेर. आणि आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन जुलैच्या आत होत नाही, कारण सर्जन म्हणालेत की आधी वजन उतरवा, साखर आटोक्यात आणा. म्हणजे ह्यांचा गुडघा माझ्या कंबरेवर अवलंबून.

म्हणजे चिंता मिटली. माझा कामाचा कोट नोकरीला लागल्यापासून मीडियम. दरवर्षी नवा येतो, कॉलरच्या आत तेच लेबल.

वाईट एवढ्याचंच वाटलं की ज्या मुलाच्या हाफपँटची बटणं मी लावली, तो आज मला जोखीम म्हणतो. सगळ्यांना उद्देशून म्हणाला, पण म्हणाला.

५ मार्च, बुधवार

आमच्या घरात खर्चिक माणूस कोण, हे सांगायला प्रोजेक्टर नको. साखरेच्या गोळ्या ह्यांच्या, गुडघ्याचे एक्स-रे ह्यांचे. आजपासून ह्यांचं पथ्य माझ्या हातात. भात अर्धा, बिस्किटं बंद, लोणी बंद.

 हे नुसतं बरं म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या 'बरं'ला अस्तर कुठल्या कापडाचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

घरातली बिस्किटं मीच संपवली, मोह नको म्हणून. अन्न टाकायचं नाही ही मदरची शिकवण. ब्रेडला लोणी लावून वर साखर भुरभुरवली, तशी बोर्डिंगमध्ये रविवारी मिळायची. डोळे मिटून खाल्लं तर त्या लांब जेवणघराचा वास येतो. हे औषध आहे, मनाचं.

ह्यांना सकाळी दूध आणायला हल्ली तासभर लागतो. गुडघा. बिचारे.

७ मार्च, शुक्रवार

आज फार मोठा धक्का.

काजूने क्रीमरोल नाकारला.

काजू म्हणजे काजं करणारी. तिचं मशीन माझ्या टेबलाला खेटून. आम्ही दोघींनी एकाच आठवड्यात नोकरी धरली आणि तेव्हापासून चार वाजता समोरच्या बेकरीतून दोन क्रीमरोल येतात. तिच्या बाळंतपणात मी तिचा रोल घरी पोचवला आहे. आज ती म्हणाली, नको गं, पोट बिघडलंय. पोट बिघडलेलं माणूस असं ताजंतवानं दिसत नाही.

दोन्ही मीच खाल्ले. परत पाठवले असते तर बेकरीवाल्याला वाटलं असतं माल शिळा आहे.

१० मार्च, सोमवार

काजूची काळजी वाटते. ती अंगाने भरलेली, तिचा कोट एक्स्ट्रा लार्ज. लाल गटात जाणार हे उघड आहे. म्हणून धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, कंबरेवरून माणसाची किंमत करू नका. थोरल्या साहेबांचा काळ आठवा. हॉस्पिटलच्या नर्सेस, हॉटेलचे वेटर, शाळेतल्या बाई, दरवर्षी मापाला यायच्या आणि दरवर्षी थोड्या वाढलेल्या असायच्या. मी कापड वाढवायची पण लेबल जुनंच लावायला सांगायची. नवा कोट घातला की म्हणायच्या, बघा, अजून तोच साइज! चेहरे असे उजळायचे. थोरले साहेब म्हणायचे, आमची कटिंगबाई कापड बेतत नाही, माणसं सांभाळते.

धाकटे साहेब ऐकून घेत होते. मग म्हणाले, मावशी, काजूमावशींचं राहू द्या, तुम्ही जरा स्वतःकडे बघा.

किती काळजी करतो पोरगा! रिटायर होते म्हणून कासावीस झालाय.

१२ मार्च, बुधवार

तपासणी. नर्स तरुण होती, तिच्या ॲप्रनची कॉलर नीट बसली नव्हती, मी लगेच सांगितलं. तिने हसून टेप काढला.

एक्केचाळीस.

हिरव्याची रेघ छत्तीस इंचांवर.

मी म्हटलं, टेप दाखवा. या धंद्यात आयुष्य गेलंय, सैल झालेला टेप मी लांबून ओळखते. हातात घेतला, माझ्या लोखंडी पट्टीला लावला. टेप बरोबर होता. मग म्हटलं, तुम्ही चुकीच्या जागी मोजलंत. तिने जागा मला दाखवायला लावली. मी दाखवली. तिथे साडेएक्केचाळीस भरली.

प्रेशरही वर. ते साहजिक आहे. टेपवरून इतका वाद झाल्यावर कोणाचं राहील खाली?

लाल. पण तीस एप्रिलला फेरतपासणी आहे. जिन्यात काजू भेटली. तिला विचारलं नाही, दुखावेल म्हणून. तिनेच सांगितलं. हिरवी.

काजू हिरवी!

१३ मार्च, गुरुवार

मीडियम कंबरेवर एक्केचाळीस कसे येतील? आज सगळे गेल्यावर कोट काढला, टेबलावर पसरला, कापणाऱ्या माणसाने मोजावा तसा मोजला.

कॉलरच्या आत लेबल मीडियम. कोट डबल एक्स्ट्रा लार्ज.

घरी येऊन कपाट उघडलं. जुने कोट मी टाकत नाही, फरशी पुसायला ठेवते. गेल्या वर्षीचा. त्याच्या आदल्या वर्षीचा. एकेक करून जमिनीवर मांडले. शाळेत उंचीप्रमाणे मुली रांगेत उभ्या करायच्या, तसे दिसत होते. लेबल सगळ्यांना एकच.

हे दारात उभे राहिले आणि विचारलं, अगं, सगळी फरशी पुसायची आहे का?

१४ मार्च, शुक्रवार

स्टाफचे कोट कापतो तो माझा हाताखालचा. लेबल लावते काजू. म्हणजे दोघं सामील. हाताखालचा माणूस कात्री टाकून चहाला पळाला, म्हणून काजूला धरलं.

मी म्हटलं, माझ्याच शेजारी बसून तू माझा गळा कापलास. तर ती म्हणाली, गळा नाही, घेर वाढवला. म्हटलं, विनोद पुरे. मग ती मशीन थांबवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, तूच शिकवलंस की. एका वर्षी मी खरं लेबल लावलं होतं, लार्ज. तू दिवसभर कुणाशी बोलली नाहीस, दोन ताग्यांवर चुकीच्या खुणा केल्यास आणि म्हणालीस की लॉन्ड्रीवाल्याने कोट बदलला. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप मीडियम लावलं. तू गाणं म्हणत कापड कापलंस. मग कोण रोज रोज तुझं तोंड बघेल उतरलेलं?

लॉन्ड्रीवाल्याने कोट खरंच बदलला होता. मला अजून आठवतं.

म्हटलं, सांगायचंस तरी. ती म्हणाली, नर्सेसना तू सांगितलंस का कधी?

चार वाजता क्रीमरोल एकटीने खाल्ला. चव नव्हती. दुसऱ्यालाही नव्हती.

१७ मार्च, सोमवार

आज लवकर जाग आली. खिडकीतून पाहिलं तर हे दुधाची पिशवी घेऊन निघाले, पण डेअरीच्या उलट्या दिशेला वळले. मी शाल घेऊन मागे गेले. बागेच्या फाटकापाशी काजू उभी. दोघं बोलत बोलत आत गेले आणि बागेला फेऱ्या मारू लागले. हे काठी टेकत, ती ह्यांच्या चालीने. काहीतरी बोलून हसत होते. माझ्याशिवाय.

झाडाआड उभी राहिले. एखादीने भलताच संशय घेतला असता. माझ्या मनात तसं काही आलं नाही. त्यापेक्षा वाईट आलं. ही माणसं माझ्या पाठीमागे बरी होत होती.

घरी आल्यावर विचारलं, रांग होती का मोठी? हे म्हणाले, पाहिलंस होय. मग म्हणाले, सर्जनने सांगितलंय ना वजन उतरवा. म्हटलं, मला का नाही नेलं? हे दुधाचं भांडं गॅसवर ठेवत म्हणाले, अगं, तुला नेलं असतं तर दुसऱ्या दिवशी थर्मास आला असता, तिसऱ्या दिवशी केक, आणि चौथ्या दिवशी आपण तिघं बाकावर बसलो असतो. मागे योगासनांच्या वर्गाचं काय झालं?

योगासनांच्या वर्गाचं काही झालं नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंचा वाढदिवस होता, मग त्यांच्या भाचीचा, मग सगळ्यांनीच एकेक डबा आणायला सुरुवात केली. लोकांना माझा सहवास आवडतो, हा काय गुन्हा आहे?

२४ मार्च, सोमवार

निश्चय: मी त्यांच्याबरोबर जाणार नाही. एकटी करणार, आणि असं करणार की दोघं तोंडात बोट घालतील. साखर बंद. लोणी बंद. ताग्यांवर टेकणं बंद. रोज कारखान्यात चालत.

२८ मार्च, शुक्रवार

चालत गेले. अर्ध्या वाटेत रिक्षा थांबली, रिक्षावाला ओळखीचा निघाला. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. संध्याकाळी चक्कर आली म्हणून रजा टाकली. व्यायामाचा त्रास.

५ एप्रिल, शनिवार

साडेचाळीस. पण सकाळी, काही न खाता, श्वास सोडून. तरी दिशा बरोबर आहे.

आनंदात ब्रेड-लोणी-साखर. एकच. मग दुसरा, कारण एक ब्रेड बशीत एकाकी दिसतो.

९ एप्रिल, बुधवार

एक्केचाळीस.

ह्यांचं वजन उतरलंय. पॅन्ट मला कंबरेत आत घ्यायला दिली. मी घेतली. त्याच मशीनवर, त्याच खुर्चीत बसून. आजवर नवऱ्याची पॅन्ट आत घेताना एवढं अपमानित कुणाला वाटलं नसेल.

सर्जनने ह्यांना शाबासकी दिली. जुलैची तारीख पक्की करायची का, विचारतोय. हे म्हणाले, बायकोचं तीस तारखेला कळू दे, मग सांगतो. हे फोनवर बोलत होते, मला ऐकू आलं. त्यांनी आवाज खाली केला नव्हता, वरही नव्हता.

१५ एप्रिल, मंगळवार

सुचलं! मी कटर आहे, हे कशी विसरले?

कंबर कमी करता येत नसेल तर बेतता येते. मदरकडे एक जुनं पुस्तक होतं, त्यात आधीच्या काळातल्या बायकांचे पोटपट्टे होते, हाडं घातलेले, मागून दोरीने आवळायचे. आम्ही मुली पानं उलटताना तोंडावर हात धरून हसायचो. तो पॅटर्न अजून डोळ्यांसमोर आहे. दुहेरी ड्रिल कापड, वेटरांच्या जॅकेटचं उरलेलं, आणि हाडांच्या जागी प्लास्टिकच्या पट्ट्या, ज्या आपण बँडवाल्यांच्या उंच कॉलरमध्ये घालतो. नर्स मोजते कपड्यावरून. पोटाला हात लावत नाही.

ही फसवणूक नाही. हे टेलरिंग आहे.

१९ एप्रिल, शनिवार

पट्टा तयार. इतकं स्वच्छ काम मी किती दिवसांत केलं नव्हतं. दोरीची भोकं काजूनेच करायला हवीत, माझ्या हाताला तशी येत नाहीत, पण तिच्याशी मी बोलत नाही. हाताने केली.

बाथरूममध्ये आवळून पाहिला. छत्तीस. आरशात अशी बाई दिसली जिला मी शेवटची लग्नाच्या फोटोत पाहिली होती. तिला फक्त खाली वाकता येत नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

सराव. घालून भांडी घासली. घालून चहा प्यायले, तो वरच राहिला. हे म्हणाले, आज ताठ बसलीस. म्हटलं, मनाची उभारी आहे. हे म्हणाले, बरं.

३० एप्रिल, बुधवार

सकाळी दोरी जरा जास्त आवळली, धोका नको म्हणून. जिना चढताना कठड्याला धरून थांबावं लागलं. प्रेसवाला खालून म्हणाला, मावशी, ओठ निळे दिसताहेत. म्हटलं, तू तुझी सिगरेट बघ.

कंबर: छत्तीस! नर्सने पुन्हा मोजली. छत्तीस! ती म्हणाली, कमाल केलीत. मी मान झुकवली. झुकवता आली तेवढी.

मग प्रेशर. तिने यंत्राकडे पाहिलं, परत पट्टी बांधली, परत पाहिलं. विचारलं, डोकं दुखतंय का? म्हटलं, काही नाही हो, ठणठणीत आहे. खोल श्वास घ्या म्हणाली. ते सोडून काहीही सांगितलं असतं तर मी केलं असतं. तिने पाठीवर हात ठेवला. प्लास्टिकच्या पट्ट्या हाताला लागल्या.

तिने दार उघडून काजूला हाक मारली. काजू आली आणि तिने माझं ब्लाउज वर केलं. म्हणाली, अगं वेडे, भोकं हाताने केलीस होय, किती वाकडी. मग तिने गळ्यातली काज कापायची छोटी कात्री काढली आणि दोरी वरून खालपर्यंत कापत नेली. टक, टक, टक. इतकं सुंदर काम. मला रडू आलं, ते कामासाठी.

मी म्हटलं, आता मोजा प्रेशर, ते पट्ट्यामुळेच चढलं असणार. नर्सने तासभर आडवं झोपवलं, माझ्याच ताग्यांवर. काजू उशाशी बसून होती. तासाने मोजलं. फार काही उतरलं नव्हतं. नर्स म्हणाली, हे पट्ट्याचं नाही. हे जुनं आहे, कितीतरी वर्षांचं.

कुणी सांगितलंच नाही मला, म्हटलं.  काजूने दोरीचे तुकडे गोळा केले.

२ मे, शुक्रवार

धाकट्या साहेबांनी बोलावून खुर्ची दिली. म्हणाले, मावशी, माझ्या हातात असतं तर... विमा कंपनीचे नियम आहेत. डोळ्यांत खरंच पाणी होतं. लहानपणी बटण तुटलं की असंच यायचं. मीच त्याला म्हटलं, जाऊ दे.

दोन गोळ्या सुरू झाल्या. एक सकाळी, एक रात्री. हृदयाची तपासणीही सांगितलीय.

८ मे, गुरुवार

आपापली सोय बघितली. विमा एजंट घरी आला. तरुण, नम्र, शर्ट तयार कपड्यांतला. दोघांचे रिपोर्ट वाचून त्याने दोन रकमा कागदावर लिहिल्या. मी म्हटलं, वरची ह्यांची असेल, साखर आहे ना, शिवाय गुडघा. तो म्हणाला, नाही काकू. काकांची साखर आटोक्यात आहे, वजन उतरलंय. काकांची खालची.

माझी ह्यांच्या तिप्पट. एवढी वर्षं मी ह्यांना घरातला महाग माणूस समजत होते. शिवाय आधीच असलेल्या दुखण्यांना काही वर्षं थांबावं लागेल म्हणाला. गुडघा त्यात आला.

एजंट गेल्यावर हे स्वयंपाकघरात काकडी सोलत होते. सोलता सोलता म्हणाले, गुडघ्यासाठी पैसे बाजूला ठेवलेत ते तुझ्या हप्त्याला आणि त्या हृदयाच्या तपासणीला लावू. सर्जनला मी कळवलंय, जुलै नको. काठी आहे की. चालतंय माझं.

मी नको म्हणायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. ह्यांनी काकडीच्या चकत्या दोन बशांत सारख्या वाटून एक माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली. नको म्हटलं नाही.

संध्याकाळी बागेत निघालो, मीही. काजू फाटकाशी थांबणार होती. हे जिना उतरू लागले. कठडा धरून एक पायरी, थांबणं, दात ओठांवर, मग दुसरी पायरी. मी त्यांच्या मागे उतरत होते.

मला कुठेच काही दुखत नव्हतं.